एका रात्रीची खानेसुमारी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याच्या लोकसंख्येचा त्यापूर्वीचा इतिहास भंडाऱ्याच्या दप्तरातच शोधावा लागतो. त्या दप्तरात १८८१ पासून दर दहा वर्षांनी एक अशी रात्र येते की, त्या रात्री जो माणूस जेथे असेल तेथेच त्याची नोंद व्हावी, असा सरकारचा हुकूम असे. मध्य प्रांतात १८६६ व १८७२ सालीही शिरगणती झाली होती. परंतु देशभर एकाच वेळी मोजण्याची पद्धत १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री सुरू झाली आणि २६ फेब्रुवारी १९३१ च्या रात्री संपली. या पद्धतीला समकालिक गणना म्हणतात. तीत माणसाचे मूळ गाव नव्हे, तर त्या रात्रीचा मुक्काम हिशेबात धरला जातो.

मुक्काम मोजायचा म्हटल्यावर तारखेला फार महत्त्व आले. लग्नसराई, यात्रा आणि पर्वस्नाने टाळावी लागत, आणि प्रगणकाला घरोघर हिंडता यावे म्हणून चांदण्याची रात्र पाहिली जाई. महाशिवरात्र वद्य पक्षाच्या अखेरीस येते, त्यामुळे चांदण्याची अट पाळली की याच भागातल्या प्रतापगडासारख्या ठिकाणच्या शिवरात्रीच्या गर्दीचा प्रश्नही बहुधा आपोआप सुटत असे. फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाडीपट्टीतल्या धानाची मळणी आटोपलेली असे आणि बांधावरच्या वाटाही कोरड्या पडलेल्या असत.

तरीही ‘एका रात्रीत मोजले’ हे म्हणणे निम्मेच खरे आहे. खरे काम काही महिने आधी सुरू होई. प्रथम प्रत्येक घरावर गेरूने क्रमांक घातले जात. तीसचाळीस घरांचा एक गट, अनेक गटांचे एक वर्तुळ आणि अनेक वर्तुळांचा एक ‘चार्ज’ अशी उतरंड ठरे. गटावर प्रगणक म्हणून गावचा शाळामास्तर, मालगुजाराचा कारिंदा किंवा कोणी लिहिता येणारा माणूस नेमला जाई आणि त्याच्यावर देखरेख बहुधा पटवाऱ्याची असे. यांतील बहुतेकांना या कामाचा मोबदला मिळत नसे, ही गोष्ट सरकारी अहवालांत आभाराच्या एखाद्या वाक्यात उरकलेली दिसते. प्रगणक आधी काळ्या शाईने पूर्ण तक्ता भरून ठेवी. प्रत्यक्ष रात्री कंदील घेऊन तो पुन्हा दारोदार जाई आणि मधल्या काळात जन्मलेले, मेलेले, आलेले, गेलेले एवढेच लाल शाईने दुरुस्त करी. १९०१ च्या तक्त्यात सोळा रकाने होते आणि त्यांत वयाचा रकाना सर्वांत अडचणीचा ठरला, कारण नेमके वय फार थोड्यांना ठाऊक असे. अंदाजाने सांगितलेली वये दहाच्या आणि पाचाच्या पटीत साचत आणि संख्याशास्त्रज्ञांना ती पुढे गणिताने सारखी करून घ्यावी लागत. दाट जंगलाच्या मुलखात रात्रीचा हिशेब सोडून दिवसाच मोजणी उरकण्याची मुभा होती.

गोंदियात मात्र अडचण जंगलाची नव्हती, रेल्वेची होती. १९०१ मध्ये तिरोडा तहसिलीतले हे गाव अवघ्या साडेचार हजारांच्या आसपास वस्तीचे होते. पण बंगाल-नागपूर रेल्वेवरचे ते मालाचे मोठे ठाणे होते आणि त्यानंतर काही वर्षांतच सातपुड्याकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी येथून सुटू लागली. वाहता माणूस मोजायचा कसा, यावर देशभर एकच नियम होता: रात्री गाडीत चढणाऱ्याला फलाटावरच टिपून त्याच्या हाती मोजल्याची चिठ्ठी द्यायची, आणि कोणी सुटले असल्यास पहाटे सहाच्या सुमारास गाड्या थांबवून डब्याडब्यांतून पाहायचे.

मोजणीनंतर सुरू होई ते, आजच्या भाषेत, विदेचे विश्लेषण. १९०१ पूर्वी मोठ्या कागदांवर रेघोट्या मारून बेरजा केल्या जात. त्या वर्षी बव्हेरियाच्या गेऑर्ग फॉन मायर या संख्याशास्त्रज्ञाच्या पद्धतीनुसार प्रत्येक माणसाची एक स्वतंत्र चिठ्ठी केली गेली. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म आणि तिच्यावरील चिन्हावरून स्त्री-पुरुष व विवाहस्थिती कळे. कारकून या चिठ्ठ्या खणाखणांत वाटत, गठ्ठे मोजत आणि पुन्हा दुसऱ्या निकषाने वाटत. तयार आकडे अहवालात छायांकित नकाशांनी, म्हणजे दाट वस्तीला गडद व विरळ वस्तीला फिकी छटा देऊन, दाखवले जात.

या आकड्यांनी भंडाऱ्याबद्दल सांगितलेली सर्वांत कठोर गोष्ट १९०१ ची आहे. १८९१ मध्ये जिल्ह्यात सुमारे ७ लाख ४३ हजार माणसे होती, ती दहा वर्षांनी ६ लाख ६३ हजारांवर आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी ही अकरा टक्क्यांची घट घडवली. त्यातले किती मेले आणि किती परागंदा झाले, हे केवळ मुक्काम मोजणाऱ्या पद्धतीला स्वतःहून सांगता येत नाही. त्यासाठी जन्ममृत्यूची नोंदवही आणि इतर जिल्ह्यांतील जन्मस्थानाचा रकाना ताडून पाहावा लागतो. मध्य प्रांतात त्या वर्षीच्या खानेसुमारीचे प्रमुख आर. व्ही. रसेल होते, पुढे भंडाऱ्याचे १९०८ चे गॅझेटिअर त्यांच्याच देखरेखीखाली निघाले, आणि सहकारी हिरालाल यांच्यासह १९१६ मध्ये त्यांनी प्रांतातील जातीजमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. गोंड, पोवार, कोहळी, लोधी या इथल्या समाजांविषयी नंतरच्या लेखकांनी जे लिहिले, त्यातले बरेचसे या ग्रंथांतून आले आहे, त्यातील पूर्वग्रहांसकट.

१९३१ ची रात्र शेवटची ठरली. सविनय कायदेभंगाच्या त्या काळात काँग्रेसने ११ जानेवारी १९३१ हा खानेसुमारी-बहिष्काराचा रविवार पाळला होता. १९४१ मध्ये महायुद्ध चालू असताना एका रात्रीची पद्धत सोडून मोजणी अनेक दिवसांवर पसरवली गेली. एका रात्रीच्या पद्धतीचा एक अवशेष मात्र टिकला: ज्यांना घर नाही त्यांची मोजणी अजूनही एकाच रात्री होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि त्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजारांवर, तर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण ९९९ भरले. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा संदर्भक्षण ठरला असून, लाल शाईच्या जागी आता प्रगणकाच्या हाती मोबाईल असणार आहे.