चार पेन्सिल सेलांचा गेम बॉय

निन्टेन्डोचा इतिहास लोक मारिओपासून सांगतात. मी तो १९६५ पासून धरतो. १८८९ पासून हानाफुदा पत्ते बनवणाऱ्या क्योटोच्या या कंपनीत त्या वर्षी गुनपेई योकोइ लागले, तेही यंत्रांची देखभाल करायला. फावल्या वेळात त्यांनी केलेला खेळण्यातला लांबणारा हात अध्यक्ष हिरोशी यामाउचींच्या नजरेस पडला आणि १९६६ मध्ये तो 'अल्ट्रा हँड' म्हणून बाजारात आला.

जुनं, स्वस्त झालेलं, पुरतं पारखलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करायचा, हे योकोइंचं सूत्र. १९८९ चा गेम बॉय, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, म्हणजे त्याचा पुरावाच. हिरवट पडदा, चार छटा, मागे दिवा नाही. अटारीचा लिंक्स त्याच वर्षी रंगीत पडदा घेऊन आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोघांनाही सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. पोराच्या खिशाला काय परवडतं, हे योकोइंनी ओळखलं होतं!

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर अजून गेम बॉय येतात. बहुतेकदा सेल गळून पट्ट्या गंजलेल्या असतात. व्हिनेगरने घासल्या की यंत्र पुन्हा बोलू लागतं. आजच्या कन्सोलवाल्यांनी पडद्याची चकाकी वाढवण्याआधी हे यंत्र एकदा उघडून बघावं, असं मला मनापासून वाटतं. योकोइंनी १९९६ मध्ये निन्टेन्डो सोडली, पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. बांदाई कंपनीसाठी त्यांनी हात लावलेला वंडरस्वान, तसाच हातात धरायचा गेम, १९९९ मध्ये आला. त्याला एकच सेल पुरतो.