मालकम पेठेचा रस्ता कोणी केला?

आपली दहावीची सहल आठवते ना? पहाटे शाळेच्या फाटकाशी एस.टी. उभी होती आणि मेढा सोडून केळघरचा घाट लागेपर्यंत निम्म्या मुलींच्या हातात लिंबू आलं होतं. महाबळेश्वरला आपण धावत-पळत पॉइंट पाहिले, वेण्णा तलावात होडीत बसलो, कणसं खाल्ली. परतताना घाटात इतिहासाच्या बाईंनी विचारलं, "हा रस्ता कोणी केला?" सगळी गाडी एका सुरात ओरडली, "इंग्रजांनी!" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "वहीत लिहा. पण पेनाने नको, पेन्सिलीने लिहा."

पुढे मी सांगलीला इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरच्या नोकरीत शिरले आणि ते उत्तर पेन्सिलीतच राहून गेलं. गेल्या मे महिन्यात लेकीला घेऊन महाबळेश्वरला गेले होते. एका पॉइंटवर माहिती सांगणारा म्हणाला, "१८२४ साली लॉडविक साहेबाने हे ठिकाण शोधलं. त्याआधी इथे नुसतं जंगल होतं." लेकीने ते शाळेच्या प्रकल्पासाठी मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मला एकदम बाई आठवल्या. बाई आता नाहीत, पण त्यांचा प्रश्न अजून बाकी होता. घरी आल्यावर जुनं सातारा गॅझेटिअर आणि इतर पुस्तकं काढून बसले.

पहिली गोष्ट म्हणजे 'शोधलं' हा शब्दच चुकीचा. क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णेच्या उगमाशी यात्रेकरू शतकानुशतके येत होते. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि जवळच प्रतापगड उभा राहिला. लॉडविक १८२४ मध्ये वर चढला हे खरं. तिथे जाणारा तो पहिला युरोपियन अधिकारी मानला जातो, एवढाच त्याचा अर्थ.

त्या वेळी हा डोंगर इंग्रजांचा नव्हता, साताऱ्याच्या राज्याचा होता. गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराज होते. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मालकम याला आजारी गोऱ्या सैनिकांसाठी थंड हवेची जागा हवी होती. १८२८ मध्ये वर आरोग्यधाम सुरू झालं आणि १८२९ च्या करारान्वये महाराजांनी ही जागा कंपनीला दिली. बदल्यात त्यांना वाई भागातलं खंडाळा हे गाव मिळालं. नव्या वस्तीचं नाव पडलं मालकम पेठ. आणि साताऱ्याहून मेढ्यामार्गे वर जाणारा रस्ता? तो प्रतापसिंह महाराजांनी करवून दिला. आपण ज्या रस्त्यावर एका सुरात चुकीचं उत्तर दिलं, तोच हा रस्ता!

महाराजांनी जागा आपखुशीने दिली की नाइलाजाने, असा प्रश्न लेकीने विचारला. मी तिला म्हटलं, १८१९ च्या तहाने त्यांचे हात आधीच बांधले होते. साताऱ्यात कंपनीचा रेसिडेंट बसलेला असताना 'नाही' म्हणण्याला कितीशी जागा असणार? आणि जागा देऊनही मैत्री टिकली नाही. दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, कंपनीने त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि अनेक वर्षं तिथे झगडले. उपयोग झाला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले.

त्यांच्यानंतर त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ अप्पासाहेब गादीवर आले. वेण्णा तलाव त्यांनी १८४२ मध्ये बांधवला. आपण ज्या तलावात एकमेकांवर पाणी उडवलं, तो वरच्या वस्तीला पाणी मिळावं म्हणून केलेला होता. १८४८ मध्ये शहाजी वारले. त्यांचं दत्तकविधान डलहौसीने नामंजूर केलं आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं.

आणखी एक गोष्ट मला आपल्या पुस्तकात कधी वाचल्याची आठवत नाही. १८३४ च्या सुमारास वर एक तुरुंग बांधला गेला. त्यात सिंगापूर-मलायाकडून शिक्षा होऊन आलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. त्यांनी तिथे रस्त्यांची कामं केली, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. त्यांची आठवण आज उरली आहे ती 'चायनामन्स फॉल' या धबधब्याच्या नावात. त्यातही कुणा एकाचं नाव नाही. लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन मात्र एकेक पॉइंट धरून बसले आहेत. मालकमच्या मुलीच्या नावाने केट्स पॉइंट आहे.

मालकमचं श्रेय नाकारायचं नाही. थंड हवेची पेठ वसवण्याची कल्पना त्याची होती. पण आमच्या कामात प्रोग्रामची प्रत्येक ओळ कोणी लिहिली, कधी बदलली, याची नोंद आपोआप राहते. गावांच्या बाबतीत तशी सोय नाही. पाटीवरचं नाव राहतं आणि बाकीची यादी पुसली जाते. सांगलीत शिकताना मी आयर्विन पुलावर कितीदा उभी राहिले असेन! सांगली संस्थानात उभा राहिलेला, १९२९ मध्ये खुला झालेला तो पूल, आणि नाव व्हाइसरॉयचं. तेव्हा मला काही खटकलं नव्हतं.

त्या पुलाखालून कृष्णा वाहते. वेण्णा माहुलीला तिला मिळते, म्हणजे शहाजीराजांच्या तलावाकडचं पाणी साताऱ्यावरून सांगलीपर्यंत जातं. हे मला भूगोलात पाठ होतं, पण इतिहासाशी कधी जोडता आलं नाही.

लेकीने प्रकल्पातलं वाक्य खोडलं. आता तिथे लिहिलंय, 'ही जागा साताऱ्याच्या छत्रपतींची, रस्ता त्यांचा, तलाव त्यांच्या भावाचा, रस्त्यांसाठी कैद्यांचे कष्ट, आणि पेठेचं नाव मालकमचं.' वाक्य जरा लांब झालंय. पण तिने ते पेनाने लिहिलंय.

मित्र-मैत्रिणींनो, स्नेहमेळाव्यानंतर महाबळेश्वरला जायचं ठरत असेल तर मेढ्यावरून जाऊ. घाटात मुलांना तोच प्रश्न विचारू. लिंबं मी आणते.