परीक्षा सुटली, अध्ययन नव्हे

महाविद्यालयीन जीवनात धर्माचे स्थान कोणते, या प्रश्नाचे एक उत्तर विनोबा भावे यांच्या चरित्रात सापडते. मात्र ते नीट वाचावयास हवे. बडोद्यास शिकत असता त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईदेखत चुलीत टाकली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस उतरला आणि ब्रह्मजिज्ञासेपोटी काशीस गेला. ७ जून रोजी तो गांधीजींच्या कोचरब आश्रमात पोचला.

एवढी कथा सर्वांस ठाऊक असते. परंतु १९१७ मध्ये आश्रमातून रजा घेऊन त्याने वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदांचे अध्ययन केले, हे आपण विसरतो.

गोंडपिपरीसारख्या जंगलपट्टीत घरातले पहिलेच मूल महाविद्यालयाची पायरी चढते, तेव्हा त्याला ‘पदवी जाळ’ असे आम्ही सांगणार नाही. त्या कागदामागे आईबापांची मजुरी असते. पदवी अवश्य घ्यावी. पण ती हाती येताच ग्रंथ मिटू नये, आणि ज्यांच्या घामावर ती मिळाली त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. आमच्या मते विद्यार्थ्याचा धर्म तो हाच.