गादी आणि वीणा



इसवी सन 897. रोमचे पोप सहावे स्टीफन यांनी पूर्वीचे पोप फॉर्मोसस यांचे पुरलेले प्रेत उकरून काढले, त्याला पोपची वस्त्रे चढवली, आसनावर बसवले आणि त्याच्यावर खटला चालवला. निकाल लागताच आशीर्वाद देणारी तीन बोटे तोडून देह टायबर नदीत टाकला. त्याच वर्षी स्टीफन यांनाही तुरुंगात गळा आवळून मारण्यात आले. पुढे 1045 मध्ये नववे बेनेडिक्ट यांनी ही गादी पैसे घेऊन सोडली.

कोणाच्या धर्माची उणीव काढावी म्हणून हे सांगत नाही. त्या गादीला जमिनी होत्या, उत्पन्न होते. सम्राटाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याचा मान होता. म्हणून बड्या घराण्यांना तिथे आपला माणूस हवा होता.

आपल्या जयसिंगपूरला वडिलांचे नाव देणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांपुढेही गादीचा पेच आला. 1899 मध्ये त्यांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला. करवीर पीठाशी वाद झाला, मठाच्या इनामांवर टाच आली. अखेर 1920 मध्ये महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात बेनाडीच्या सदाशिवराव पाटलांना क्षात्रजगद्गुरू केले. महाराजांचा संताप न्यायाचा होता. इथे कोणाचे रक्तही सांडले नाही. तरी प्रबोधनकार ठाकऱ्यांनी या नव्या गादीला विरोधच केला. एका गादीवर उतारा म्हणून दुसरी गादी चालेल का, हा प्रश्न आजही उरतोच.

आपण वारकरी यातून सुटलो आहोत का? मागे आमच्या दिंडीत वीणा कोणी घ्यायची यावरून दोन घरांत अबोला झाला. मीही एका बाजूने तावातावाने बोललो. वाटेत पाऊस आला. विणेकऱ्याला ठेच लागली, तेव्हा दुसऱ्या घरातल्या माणसानेच पुढे होऊन वीणा आपल्या गळ्यात घेतली. देणारा वाकला, घेणाराही वाकला. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

गादीवर बसणाऱ्याला उठवावे लागते. वीणा मात्र एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीवर टेकत नाही. आणि देताघेताना दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. संतांनी आपल्या हाती हे दिले आहे. मानासाठी भांडताना एवढे आठवले, तरी वारी घडली म्हणायची.