संगणकाची प्रारंभ-आज्ञावली : वाचनाची मुभा व बदलाचा अधिकार

संगणकास वीजपुरवठा होताच ज्या आज्ञा सर्वांआधी अंमलात येतात, त्या मुख्य फलकावरील कायम स्मृतीत साठविलेल्या असतात. मुख्य स्मृती व इतर उपकरणे सज्ज करून यंत्र कार्यप्रणालीच्या हाती सोपविणे, हे या आज्ञावलीचे कार्य होय. व्यक्तिगत संगणकात ती ‘बायॉस’ या नावाने रूढ झाली. तिच्या इतिहासात वाचनाची मुभा आणि बदलाचा अधिकार या दोन गोष्टी सदैव भिन्न राहिल्या आहेत.

आयबीएमने १९८१ साली आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हा बायॉसची संहिता तांत्रिक पुस्तिकेत छापली. मात्र तिचा स्वामित्वहक्क राखून ठेवला. परिणामी ही छापील संहिता प्रतिस्पर्ध्यांना अडचणीचीच ठरली. जो ती वाची, त्याचे स्वतंत्र लेखनही नक्कल ठरण्याचा धोका होता. म्हणून कॉम्पॅकने मूळ संहिता अभ्यासणारे व नवी लिहिणारे असे दोन गट अलग ठेवून, केवळ कार्यवर्णनाच्या आधारे समतुल्य बायॉस सिद्ध केला. १९८४ पासून फीनिक्सने अशाच रीतीने रचलेला बायॉस इतर उत्पादकांस पुरविला. यंत्रनिर्माते अनेक झाले. आज्ञावली मात्र बंदिस्तच राहिली.

१९९९ साली अमेरिकेतील लॉस अ‍ॅलमॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी ‘लिनक्सबायॉस’ प्रकल्प आरंभिला. तेथे अनेक संगणक जोडून समूह उभारले जात. अशा समूहात प्रत्येक यंत्राशी कळफलक व पडदा ठेवणे अव्यवहार्य. प्रचलित बायॉस मात्र यंत्रासमोर माणूस बसला आहे असेच गृहीत धरी. उपकरणे आवश्यक तेवढीच सज्ज करून उर्वरित कार्य लिनक्सवर सोपवावे, ही मिनिक यांची कल्पना होती. एक अडचण मूलभूत होती : सी भाषेतील आज्ञावलीस स्मृती लागते, आणि येथे तर स्मृतीच सज्ज करावयाची होती. एरिक बीडरमन यांच्या ‘रोमसीसी’ या भाषांतरकाने सर्व चलमूल्ये प्रक्रियकाच्या नोंदकातच ठेवून तिच्यातून वाट काढली. पुढे प्रक्रियकातील शीघ्रस्मृती तात्पुरती वापरण्याची पद्धत रूढ झाली.

२००८ साली प्रकल्पास ‘कोअरबूट’ हे नाव मिळाले व पुढे गूगलच्या क्रोमबुक संगणकांत त्याचा मोठा प्रसार झाला. परंतु इंटेलच्या नव्या प्रक्रियकांसाठी स्मृती सज्ज करणारा भाग उत्पादकाकडून बंदिस्त स्वरूपातच घ्यावा लागतो. असे भाग वगळण्यासाठी २०१३ साली ‘लिब्रेबूट’ निघाले; २०२२ साली त्यालाही हे धोरण शिथिल करून, बंदिस्त भाग शक्य तितके कमी करण्यावर समाधान मानावे लागले. इंटेलची ‘बूट गार्ड’ व्यवस्था जेथे सक्तीने लागू केलेली असते, तेथे तर उत्पादकाच्या सांकेतिक स्वाक्षरीवाचून बदललेली आज्ञावली यंत्र स्वीकारतच नाही.

१९८१ साली बदलाच्या आड कायदा होता. तो अडथळा खुल्या परवान्याने दूर केला. आता तोच निर्बंध प्रक्रियकात कोरला जात असल्याने, संहिता हाती असूनही यंत्राचा धनी परावलंबी राहू शकतो.