तांबेऱ्याचे दोन देश

डिचोली तालुक्यातील कारापूरच्या आसपासच्या डोंगरउतारांवर उन्हाळ्यात काजूची बोंडे पिकतात. हे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोमंतकात आणले. भुईमुगाचे मूळही दक्षिण अमेरिकेतच. पिके अशी सागर ओलांडतात आणि कालांतराने त्यांचे रोगही त्यांच्या मागोमाग येतात. सोयाबीन या गळिताच्या पिकाचा इतिहास असाच आहे. पूर्व आशियातील हे पीक गेल्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणि ब्राझीलमध्ये झपाट्याने पसरले. पाठोपाठ तांबेराही आला.

तांबेऱ्याची बुरशी जिवंत पानावरच जगते. तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर जातात. हवा थंड, दमट आणि पाने ओली असली की रोग बळावतो. पाने अकाली गळतात, शेंगा भरत नाहीत. 1902 साली जपानात नोंदलेल्या या रोगाची मोठी साथ भारतात 1994 साली आली. साखळीवरून चोर्ला घाट चढून बेळगावाकडे व पुढे सांगली-कोल्हापूरकडे गेले की लागणारे कृष्णाकाठचे शिवार हे त्याचे नेहमीचे ठाणे झाले. नदीच्या पाण्यावर तेथे हंगामाबाहेरही सोयाबीन उभे असते आणि बुरशीला वर्षभर आसरा मिळतो.

ब्राझीलमध्ये हा रोग 2001 साली आढळला. 2003-04 च्या हंगामात तेथे सुमारे 46 लक्ष टन धान्य बुडाल्याचा अंदाज आहे. मात्र नुकसानीची तुलना केवळ टनांनी होत नाही. ब्राझीलचे उत्पन्न हेक्टरी तीन टनांहून अधिक, भारताचे सुमारे एक टन. हजारो हेक्टरांच्या मळेवाल्याला फवारणीचा खर्च जड जातो; दोन एकरांच्या शेतकऱ्याचे मात्र वर्षच बुडते.

उपायांतही भेद दिसतो. भारताने बियाण्यावर भर दिला. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रातून ‘फुले संगम’सारखे तांबेऱ्याला सहजी दाद न देणारे वाण निघाले. ब्राझीलने औषधे फवारली. पण बुरशी त्यांना हळूहळू सरावली. तेथील अनेक राज्यांनी 2006 पासून कायदाच केला: वर्षातून 60 ते 90 दिवस शेतात सोयाबीनचे एकही जिवंत रोप राहता कामा नये; आपोआप उगवलेलेही नाही.

या कायद्यामागील विचार गोमंतकाला परका वाटू नये. खाजन शेतीचा बांध एका जागी फुटला की खारे पाणी साऱ्यांच्या भातात शिरते. म्हणून तो गावकरीने मिळून राखावयाचा, ही येथील जुनी रीत. तांबेऱ्याचा वारा शेताची हद्द मानीत नाही. कृष्णाकाठी एकाने उन्हाळ्यात राखलेले हिरवे शिवार शेजाऱ्याच्या पावसाळी पिकावर रोग धाडते. उत्तम बियाणे प्रत्येकाने आपापले पेरावे. परंतु शेत रिकामे ठेवावयाचे ते सर्वांनी एकाच वेळी.