कोरियातील शस्त्रविद्येचे तीन ग्रंथ

सैनिकाने शस्त्र चालवावयास शिकावे यात नवल ते काय, असे कोणीही म्हणेल. परंतु कोरियात चोसॉन नावाचे एक राज्य असे होऊन गेले की, त्याला आपल्या शिपायांस ढाल-तलवारीचे हात ग्रंथ लिहून नव्याने शिकवावे लागले. १३९२ साली स्थापन झालेल्या या राज्यात मान मोठा तो विद्वानांचा. शस्त्रांपैकी धनुष्याला तेवढी प्रतिष्ठा होती. हातघाईची लढाई मात्र मागे पडली, आणि दोनशे वर्षे देशव्यापी परचक्र न आल्यामुळे ही उणीव कोणास फारशी जाणवलीही नाही.

ती जाणवली १५९२ साली. हिदेयोशीच्या फौजा बुसानच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि तीन आठवड्यांच्या आत राजधानी त्यांच्या हाती पडली. राजा सोन्जो पळत पळत थेट चीनच्या सीमेपर्यंत गेला. जपानी शिपाई आधी बंदुकांचा भडिमार करीत आणि मग तलवारी उपसून अंगावर येत. ते एकदा येऊन भिडले, की तिरंदाजापाशी उत्तर नसे.

१५९३ च्या आरंभी चीनच्या मिंग फौजेने प्योंगयांग परत घेतले. त्या फौजेत दक्षिण चीनमधले शिपाई होते. सेनापती छी जीक्वांग याने पूर्वी समुद्री चाच्यांशी लढताना जी पद्धत बसविली, तिच्यात हे तयार झालेले. तिच्यात वेताच्या ढाली, लांब भाले, त्रिशूळ, आणि एक मोठे चमत्कारिक हत्यार असे. फांद्या न छाटलेला लांब बांबू घेऊन त्याला पाते बसवावयाचे, एवढेच ते! पण त्या फांद्यांच्या जंजाळातून जपानी तलवारीला वाट सापडत नसे.

त्याच वर्षी सोन्जोने ‘हुल्योन्दोगाम’ हे लष्करी शिक्षणाचे खाते उघडले. बंदूकधारी, तिरंदाज आणि हातघाईचे सैनिक अशा त्याच्या तीन शाखा होत्या. मंत्री यू सॉन्ग-र्योंग याने लिहून ठेवले आहे की, उमेदवाराने मोठा धोंडा उचलावा आणि मातीची भिंत उडी मारून ओलांडावी, अशी कसोटी असे. दुष्काळाने गांजलेल्या त्या शहरात कित्येकांच्या अंगी तेवढीही ताकद उरली नव्हती. तरी माणसे येत, कारण भरती झालेल्यास शिधा मिळे. शस्त्रविद्येच्या प्रसाराचे श्रेय आपण राजांना व सेनापतींना देतो. त्यात थोडा वाटा भुकेचाही धरावा, असे मला वाटते.

हान ग्यो नावाच्या अधिकाऱ्याने चिनी सरदारांना विचारून विचारून सहा शस्त्रांचे हात सचित्र नोंदविले. तो ग्रंथ ‘मुयेजेबो’, साल १५९८. पुढे बंदूक वरचढ झाली आणि तलवारबाजांची संख्या घटत गेली. १६५४ आणि १६५८ मध्ये आमूर नदीवर रशियनांविरुद्ध लढावयास कोरियातून मागविले ते बंदूकधारीच.

दुसरा ग्रंथ, ‘मुयेशिनबो’, १७५९ साली झाला. राजपुत्र सादो वडिलांच्या वतीने कारभार पाहत असताना त्याने बारा प्रकारांची भर घालून संख्या अठरावर नेली. पानिपतानंतरच्या वर्षी, १७६२ मध्ये, याच राजपुत्राला त्याच्या पित्याने, राजा योंगजोने, तांदळाच्या पेटीत कोंडून मारले. सादोचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता.

तोच पुढे राजा जोंगजो झाला. त्याने घोड्यावरील सहा प्रकार जोडून चोवीस विद्यांचा ‘मुयेदोबोथोंगजी’ १७९० मध्ये सिद्ध करविला. पित्याच्या अपुऱ्या कामाची ही पूर्तता होती. काम सोपविले तिघांवर: यी दॉक-मू आणि पाक जे-गा हे राजग्रंथालयातील पंडित, आणि पेक दोंग-सू हा प्रत्यक्ष हत्यार चालविणारा वीर. तिघेही उपपत्नींच्या वंशातले, म्हणून मोठ्या अधिकारपदांची दारे त्यांना जवळजवळ बंदच. सरकारी समितीत लेखणीवाला आणि तलवारवाला असे एकत्र बसलेले क्वचितच आढळतात. ग्रंथाचा नेमकेपणा बहुधा त्यामुळेच आला असावा. चार खंड चिनी लिपीत लिहून झाल्यावर एक खंड खास कोरियन भाषेत काढला. साध्या शिपायाला चिनी कोठून यावी?

जोंगजो १८०० साली वारला, आणि या विद्या गिरविणारी त्याची खास पलटण, जांगयोंग्योंग, दोनच वर्षांत मोडण्यात आली. १९०७ मध्ये जपानच्या दडपणाखाली कोरियाचे उरलेसुरले सैन्यही विसर्जित झाले. ग्रंथ मात्र राहिला, आणि आज कोरियात तलवारीचे जुने हात पुन्हा बसवू पाहणारे त्याचीच चित्रे उघडून बसतात.